प्लॉट घेताना नकाशावरची मोकळी जागा पाहा

धाराशिव शहर चारी अंगांनी वाढत आहे. काल जिथे ज्वारी उभी होती, तिथे आज चुन्याच्या रेघा आणि प्लॉटचे दगड दिसतात. मजुरी करून, भिशी लावून, प्रसंगी अंगावरचा डाग मोडून आपली माणसे गुंठा-अर्धा गुंठा जागा घेतात. रस्ता किती फुटी, नळ येणार का, हे विचारतात. झाडासाठी, लेकरांना खेळण्यासाठी जागा कुठे सोडली, हे मात्र कोणी विचारत नाही. दलाल तरी आपण होऊन कशाला सांगेल?

वास्तविक ती जागा सोडावीच लागते. मुंबई व काही भाग वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. तिच्यानुसार ०.४ हेक्टर, म्हणजे जवळपास एक एकर वा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये दहा टक्के जागा मोकळी ठेवली पाहिजे. एकरामागे चार गुंठे झाले! ही जागा सर्व रहिवाशांच्या सामाईक वापराची. रहिवाशांची संस्था स्थापन झाली की मालकाने ती नाममात्र एक रुपयात संस्थेच्या नावे करून द्यायची असते. इतर कोणाला विकता येत नाही. पण संस्थाच नसेल तर तो एक रुपयाचा कागद कोण मागणार? म्हणून इसार देण्याआधी नगर परिषदेचा शिक्का असलेला मंजूर नकाशा पाहा, त्याची प्रत जवळ ठेवा. दलालाच्या हातचा रंगीत कागद म्हणजे मंजूर नकाशा नव्हे. आणि राहायला गेल्यावर शेजाऱ्यांसह संस्था नोंदवा.

खरी फसगत गुंठेवारीत होते. स्वस्त म्हणून आपली माणसे तिथेच जातात. शेतीचे परस्पर तुकडे पाडलेले असतात, मोकळी जागा मुळात सोडलेलीच नसते. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी घरे नियमित करता येतात, २०२१ च्या दुरुस्तीने ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटना मिळाली. कागद मिळेल, पण विकून झालेली चार गुंठे सावली कुठून आणणार?

सावलीची किंमत या जिल्ह्याला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर सास्तूर भागातली गावे नव्या जागी वसली. रस्ते सरळ झाले, घरे आखीव झाली, जुन्या गावातला लिंब मात्र उचलून आणता आला नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात दुपार काढणाऱ्या आयाबायांना विचारा.

मोकळ्या जागेत हिरवळीचा गालिचा अंथरण्याची हौस आपल्याकडे नको. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. गवताला रोज पाणी कोण घालणार? लिंब, करंज, चिंच ही कमी पाण्यावर तगणारी झाडे लावावीत. पिंपळ लावायचा तर भिंतीपासून चांगला दूर, मोकळ्या जागेच्या मध्यावर. त्याची मुळे पाया फोडतात. पहिल्या पावसानंतर रोप लावा, शेळ्यांसाठी काटे बांधा आणि पुढचे दोन-तीन उन्हाळे अंघोळीचे पाणी त्याला द्या. ले-आऊटच्या मोकळ्या जागेत पावसाचे पाणी जिरवण्याची सोय करणेही याच नियमावलीने बंधनकारक आहे. मंजूर नकाशा पाहताना तो खड्डा कुठे दाखवला आहे, हेही विचारून घ्या.