नाही म्हणण्याची किंमत

दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानदाराला बाजार उशिरा कळतो, पण खरा कळतो. गाडी शोरूममधून बाहेर पडली की जाहिरातीचं काम संपतं. दोन-तीन वर्षांनी तिची केबल नाहीतर ब्रेक शू मागायला मेकॅनिक काउंटरवर उभा राहिला, की समजतं लोकांनी ती गाडी किती घेतली आणि किती दामटली. साताऱ्यातलं आमचं दुकान वडिलांनी काढलं. मांडणी अजून तीच आहे, तिच्यावरचे डबे तेवढे बदलत गेले. धंद्याची व्यूहरचना, स्पर्धेतली आघाडी असले शब्द हल्ली कॉलेजची पोरंही वापरतात. मला त्यातलं जे समजलं ते या डब्यांवरून आणि बजाज ऑटो या एका कंपनीवरून समजलं.

ती कंपनी घेण्याचं कारण साधं आहे. पुण्याजवळ आकुर्डीत तिचा कारखाना, आणि साताऱ्याशी तिचं जुनं नातं. पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज यांच्या भागीदारीत १९७५ साली इथे महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी उभी राहिली. तिची ‘प्रिया’ स्कूटर आमच्या गावची म्हणून ओळखली जायची. आज महाराष्ट्र स्कूटर्स ही शेअर्समध्ये पैसे गुंतवणारी कंपनी आहे. एका पिढीत स्कूटरचं काय झालं, ते एवढ्यावरूनही कळावं.

रांगेतलं राज्य

बजाजने इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा बनवायला सुरुवात केली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये कंपनीची स्वतःची ‘चेतक’ आली. कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे तेव्हा सरकारी परवाना ठरवायचा. मागणी अफाट आणि उत्पादनाला कुंपण. त्यामुळे नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबत. नवी गाडी ताब्यात आली की त्याच दिवशी ती ‘ऑन’ने, म्हणजे कंपनीच्या किमतीपेक्षा जास्त पैसे घेऊन, विकता यायची.

गिऱ्हाईक रांगेत उभं असलं की मालक हुशार दिसतो. पण सगळं श्रेय परवान्याला देणंही बरोबर नाही. ऐंशीच्या दशकात कानपूरची एलएमएल व्हेस्पा आली, बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली. तरी चेतक हलली नाही. का, ते आमच्या काउंटरवर दिसायचं. चेतकची क्लच केबल, गिअरच्या दोन केबली, क्लच प्लेट, कार्ब्युरेटरचं किट हे सगळं तालुक्याच्या गावातही मिळायचं आणि स्वस्त मिळायचं. गाडी सुरू झाली नाही तर तिरकी करायची, सरळ करायची, किक मारायची. प्लग काढून कानशीने घासायला मेकॅनिक लागत नसे. सायलेन्सरमध्ये काजळी साठली की ती जाळून काढणारे लोक पेठेपेठेत होते.

हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल पोर्टर यांनी १९८० आणि १९८५ सालच्या आपल्या दोन पुस्तकांत या गोष्टीची नीट मांडणी केली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : स्पर्धेत पुढे राहण्याचे मुख्य मार्ग दोन. एक तर इतरांपेक्षा कमी खर्चात माल बनवा, नाहीतर लोक खुशीने जास्त पैसे देतील असं वेगळं काही द्या. यातलं काहीही करताना सगळा बाजार धरायचा की त्यातला एकच तुकडा, हेही ठरवा. दोन्ही दगडांवर पाय ठेवणारा बहुधा मधे पडतो. चेतक पहिल्या मार्गाची होती. प्रचंड संख्या, जुनंच तंत्र, कमी खर्च, गावोगाव पार्ट.

बाजार सरकतो तेव्हा

१९८४ मध्ये हीरो आणि जपानच्या होंडाने हातमिळवणी केली आणि १९८५ मध्ये त्यांची सीडी १०० ही मोटरसायकल रस्त्यावर आली. तिच्यात फोर-स्ट्रोक इंजिन होतं. चेतकच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागे, हिच्यात नाही. धूर नाही, आणि पेट्रोल निम्म्याच्या आसपास. १९९४ मध्ये ‘स्प्लेंडर’ आली आणि चित्र पालटलं.

हे आकड्यांत दिसण्याआधी मला दूधवाल्यांत दिसलं. जावळी आणि कोरेगावकडून पहाटे शहरात येणारी ही मंडळी. त्यांचा हिशोब कोणत्याही मॅनेजरपेक्षा चोख. स्कूटरचं चाक दहा इंची, मोटरसायकलचं अठरा इंची. खड्ड्यातून जाताना किटलीतलं दूध कुठल्या गाडीवर कमी हिंदकळतं, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. मागच्या सीटला लोखंडी स्टँड वेल्ड करून दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायची सोय झाली आणि एकेक दूधवाला मोटरसायकलवर गेला. आमच्याकडे गिअर केबलीचा खप उतरला, चेन-स्प्रॉकेट किटचा चढला. एकदा एका जुन्या गिऱ्हाइकाला विचारलं, “मामा, स्कूटर का विकली?” ते म्हणाले, “गाडी चांगली हाय रं, पण लिटरमागं दोन पैसं हाती ऱ्हायला नकोत का?”

त्यातच १९९१ नंतर परवान्यांची कुंपणं गेली, १९९६ आणि २००० मध्ये धुराचे नियम कडक झाले, बँका आणि फायनान्स कंपन्या दुचाकीला कर्ज देऊ लागल्या. टू-स्ट्रोक स्कूटरच्या पायाखालची जमीन चहूबाजूंनी सरकली. २००१ मध्ये हीरो होंडा जगात सर्वांत जास्त दुचाकी बनवणारी कंपनी ठरली. ज्या बजाजसाठी लोक वर्षानुवर्षं थांबले होते, ती मागे पडली.

बजाजला हे दिसत नव्हतं असं नाही. ऐंशीच्या दशकापासून जपानच्या कावासाकीबरोबर तिच्या मोटरसायकली येतच होत्या. अडचण वेगळी होती. कंपनीचा नफा, कामगार, डीलर आणि पार्ट पुरवणारे छोटे कारखानदार हे सगळं स्कूटरभोवती बांधलेलं होतं. चालू धंदा मोडून नवा उभारणं हे रिकाम्या जागेवर बांधकाम करण्यापेक्षा कितीतरी अवघड.

पल्सर : दुसरा मार्ग

मग बजाजने काय केलं? हीरो होंडाच्या घरात घुसून त्यांच्याच गाडीशी मारामारी केली असती, तर मायलेज आणि भरवशाच्या बाबतीत ती दुसऱ्या नंबरची राहिली असती. २००१ च्या अखेरीस पल्सर आली ती १५० आणि १८० सीसीची. बहुतेक बाजार तेव्हा १०० सीसीत होता. मायलेज विचारणाऱ्याला स्प्लेंडर होतीच. पल्सर मागणारा पोरगा ‘पिकअप’ विचारायचा. टाकी रुंद, आवाज दमदार, आणि एवढं असून किंमत आवाक्यातली. चाकणचा नवा कारखाना, कंपनीच्या स्वतःच्या इंजिनिअरांनी केलेलं इंजिन, २००३ पासून दोन स्पार्क प्लगचं तंत्र. या तंत्राच्या पेटंटवरून टीव्हीएसशी २००७ मध्ये सुरू झालेला कोर्टातला झगडा २०१९ पर्यंत चालला. आघाडी मिळवायला जेवढे कष्ट, तेवढेच ती राखायलाही पडतात.

आमच्या दुकानात पल्सरने नवं गिऱ्हाईक आणलं. आधी पार्ट मोडला म्हणून लोक यायचे, आता गाडी धडधाकट असताना येऊ लागले. हँडल बदल, हॉर्न बदल, स्टिकर लाव. मोडलेल्या पार्टसाठी माणूस घासाघीस करतो, हौसेच्या वस्तूसाठी करत नाही. वेगळेपणाला जास्त पैसे मिळतात हे पोर्टरसाहेबांचं म्हणणं मला तिथे पटलं.

वेगळेपण पातळ केलं की मात्र ते टिकत नाही. याच कंपनीची डिस्कव्हर २००४ मध्ये १२५ सीसीची म्हणून आली आणि चांगली चालली. पुढे त्याच नावाने १००, १३५, १५० अशा गाड्या निघाल्या. मेकॅनिकने “डिस्कव्हरची क्लच प्लेट द्या” म्हटलं की आम्ही विचारायचो, “कुठली?” तोच प्रश्न शोरूममधल्या गिऱ्हाइकालाही पडला असणार. हळूहळू ते नाव बाजारातून गेलं.

स्कूटरला राम राम

डिसेंबर २००९ मध्ये बजाजने जाहीर केलं की स्कूटर बनवणं बंद. निर्णय कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांचा. वडील राहुल बजाज यांनी आपल्याला वाईट वाटल्याचं उघडपणे सांगितलं. त्याआधी, २००७ मध्ये, आकुर्डीतलं गाड्यांचं उत्पादनही थांबलं होतं.

या निर्णयावर आमच्या धंद्यात अजून वाद होतो. होंडाची ॲक्टिव्हा २००१ मध्येच आली होती. गिअर नाही, ऑइल मिसळायचं नाही, साडी नेसून चालवता येते, आणि घरातले सगळे एकच गाडी वापरतात. बजाज बाहेर पडली आणि स्कूटरचा बाजार पुन्हा फुगला. आज देशात विकल्या जाणाऱ्या दर तीन दुचाकींत साधारण एक स्कूटर असते. माझ्या मांडणीवर ॲक्टिव्हाचे बेल्ट आणि रोलर यांना मोठा खण द्यावा लागला. ज्या कंपनीने देशाला स्कूटरवर बसवलं, तिने एवढा बाजार आपण होऊन सोडला.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. स्कूटर सोडून वाचलेलं डोकं आणि पैसा कुठे गेला? एक, परदेशात. युगांडातले ‘बोडा बोडा’ आणि नायजेरियातले ‘ओकाडा’ म्हणजे मोटरसायकलच्या टॅक्स्या, आणि तिथे बजाजची बॉक्सर हे पोटापाण्याचं साधन झालं. आपल्याकडे जिची हौस कुणाला राहिली नव्हती, ती दणकट साधी गाडी तिथे नेमकी हवी होती. दोन, महागड्या गाड्यांत. ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये २००७ पासून भागीदारी, ‘ड्यूक’ चाकणला तयार होऊ लागली, आणि २०२३ मध्ये ब्रिटनच्या ट्रायम्फबरोबर ४०० सीसीची गाडी आली. तीन, रिक्षा. तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण तीनचाकीत बजाजची पकड कधी सुटलीच नाही.

परिणाम असा की हीरोपेक्षा कमी गाड्या विकूनही जानेवारी २०२१ मध्ये बजाज ऑटोचं बाजारमूल्य एक लाख कोटी रुपयांवर गेलं. जगातल्या कुठल्याही दुचाकी कंपनीने तोवर एवढी मजल मारली नव्हती. हल्ली शंभर रुपयांच्या विक्रीमागे कामकाजाचा नफा वीस रुपयांच्या आसपास असतो. सर्वांत मोठं असणं आणि सर्वांत फायद्यात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याचीही जोखीम आहेच. २०२३ मध्ये नायजेरियाचं चलन कोसळलं तेव्हा चाकणच्या निर्यातीला झळ बसली.

कारणाची मुदत

गंमत पुढे आहे. जानेवारी २०२० मध्ये चेतक परत आली, या वेळी विजेवर. सुरुवातीला ती चाकणला तयार होत होती, २०२२ पासून आकुर्डीत होऊ लागली. राजीव बजाज आपल्या शब्दाला जागले नाहीत, असं काही जण म्हणाले. मला तसं वाटत नाही. पेट्रोल स्कूटरमध्ये होंडा इतकी पुढे होती की तिच्यामागे धावून हाती दुय्यम जागाच आली असती. विजेच्या स्कूटरमध्ये इंजिनच नाही. तिथे इंजिनातला जुना वरचष्मा कुणाच्याच कामाचा नाही. सगळे एका रेषेवर आले. ‘नाही’ म्हणण्यामागचं कारणच संपलं, तेव्हा ‘नाही’ला चिकटून राहणं हा नुसता हट्ट ठरला असता. या नव्या बाजारालाही आपली दुखणी आहेत. २०२५ मध्ये चीनने मोटरला लागणाऱ्या खास चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हा गाड्यांचं उत्पादनच अडचणीत आलं.

माझ्या दुकानाला या गाडीचा अर्थ वेगळा लागतो. विजेच्या गाडीला प्लग नाही, एअर फिल्टर नाही, ऑइल नाही. टायर, ब्रेक शू आणि आरसे एवढंच आमच्या वाट्याला उरतं. मुलगा म्हणतो, “बाबा, मांडणी अर्धी करू आणि टायरचं काम वाढवू.” नाना पेठेतले आमचे पुण्याचे व्यापारीही तेच सांगतात. जुन्या स्कूटरचे पार्ट मात्र आम्ही ठेवणार. चेतक जपून ठेवणारे हौशी लोक लांबून विचारत येतात आणि दुसरीकडे त्यांना फारसं काही मिळत नाही. छोट्या दुकानाने मोठ्या बाजाराचा एक तुकडा धरायचा असतो, तो असा.

बाजार बदलतो तेव्हा प्रत्येक संधीमागे धावणारा दमतो आणि जुन्या धंद्याला कवटाळणारा बुडतो. टिकतो तो नेमकं काय करायचं नाही हे ठरवून त्याची किंमत मोजणारा. तुमचा कारखाना असो, किराणा असो की क्लास, तुम्ही कोणत्या कामाला आणि कोणत्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता ते कागदावर लिहा. शेजारी त्याचं कारण लिहा. दर दोन वर्षांनी दिवाळीच्या हिशोबाला बसाल तेव्हा ते कारण अजून खरं आहे का, एवढं तपासा. नसेल, तर निर्णय बदलायला लाजू नका.