चर्चगेटच्या पुढचं स्टेशन

चर्चगेटला लोकल थांबते तिथे रूळ संपतात. समोर बफर, त्यापलीकडे रस्ता. उतरलेली गर्दी दक्षिणेकडे चालू लागते. 1930 पर्यंत त्याच दिशेला गाडीही जात होती. चर्चगेट तेव्हा वाटेतलं स्टेशन होतं, शेवटचं होतं कुलाबा.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे 'बीबीसीआय' रेल्वेने 1867 मध्ये विरारहून बॅकबेपर्यंत लोकल सोडली. पुढे 1873 च्या सुमारास लाइन समुद्राच्या कडेकडेने कुलाब्याला पोहोचली. प्रवाशांपेक्षा ओढ होती ती कापसाची. कुलाब्याच्या कॉटन ग्रीनवर गाठींच्या थप्प्या लागत आणि माल थेट तिथे उतरवता आला तर कंपनीला हवंच होतं. 1896 मध्ये तात्पुरत्या स्टेशनाच्या जागी पक्की इमारत उभी राहिली. लोकलबरोबरच लांब पल्ल्याच्या गाड्याही इथूनच सुटत.

या स्टेशनाला कसलंही दुखणं नव्हतं. जानेवारी 1928 मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी सुरू झाली आणि तीन वर्षांच्या आत स्टेशनच बंद! कापसाचा बाजार शिवडीला हलला होता हे खरं. पण खरं कारण जमीन. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात बॅकबेचा समुद्र बुजवण्याची योजना निघाली आणि कडेने जाणारी लाइन आड येऊ लागली. ती योजनाही धड पार पडली नाही. खर्च फुगला, भराव रेंगाळला आणि लोक तिला 'लॉईड्स फॉली' म्हणू लागले. कारभारावर तोफ डागणाऱ्या खुर्शेद नरिमनांवर अब्रुनुकसानीचा खटला झाला, त्यातून ते सुटले. त्याच किनाऱ्यावर पुढे झालेल्या भरावाला आज त्यांचंच नाव आहे, ही गंमत नरिमन पॉइंटला रोज जाणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल?

डिसेंबर 1930 मध्ये बॉम्बे सेंट्रल सुरू झालं. लांबच्या गाड्या तिकडे गेल्या, लोकल चर्चगेटला थांबू लागल्या आणि 31 डिसेंबरला कुलाब्याला टाळं लागलं. स्टेशनाच्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे. जागा रेल्वेकडेच राहिली, गाडी मात्र गेली. माझ्या मते हा सौदा शहराला महाग पडला. त्यानंतरच्या पिढ्यांनी चर्चगेटला उतरून बस नाहीतर टॅक्सीच्या रांगा धरल्या. कफ परेडपर्यंत पुन्हा रूळ पोहोचले ते ऑक्टोबर 2025 मध्ये, मेट्रोचे, तेही जमिनीखालून.