कार्ब्युरेटर ऊतू का जातो?

कुर्ल्याला बनलेली जुनी प्रीमियर पद्मिनी सुरू होईना, पेट्रोलचा उग्र वास सुटला, की मेकॅनिक म्हणतो, "ओव्हरफ्लो होतंय." पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा तुम्ही पाहिला असेलच. कार्ब्युरेटरमध्येही तसाच फ्लोट असतो. पेट्रोल चढले, की तो वर येऊन सुईसारखी झडप बंद करतो. झडपेत कचरा अडकला किंवा फ्लोटला भोक पडले, तर पेट्रोल येतच राहते. प्लग भिजतात, ठिणगी नीट पडत नाही. (पुष्कळजण उगाच प्लगच बदलत बसतात!) फ्लोट काढून कानाशी हलवावा. आत खळखळ ऐकू आली, तर तो फुटका. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला, की भोकातून बुडबुडे निघतात. शाबूत असेल, तर झडप साफ करावी. पाणी मात्र दुसरीकडे तापवून आणा. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरून दूरच्या ज्योतीनेही पेटते.