नोंद झाली तरच मोजणी

हक्क पीडितांचे : लेखांक ४

नगरच्या सावेडीत गुलमोहर रस्त्यावर एखादी बाई पहाटे फिरायला निघाली आणि दुचाकीवरून आलेल्या दोघांनी तिचं मंगळसूत्र हिसकावून नेलं, असं समजा. घरी आल्यावर सगळे म्हणतात, ‘जीवावरचं गळ्यावर निभावलं, आता कोर्टकचेरीच्या नादी नको लागू.’ ती गप्प बसते. त्या दिवशी दोन गोष्टी घडतात. तिचा दागिना जातो आणि तिच्यावर झालेला गुन्हा हिशोबातूनही जातो. पहिलं नुकसान तिचं एकटीचं असतं. दुसरं तिच्या मागून त्याच रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकीचं असतं, कारण गस्त कुठे वाढवायची, हे पोलीस नोंदींवरूनच ठरवतात.

फिर्याद कशी द्यायची, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज त्या फिर्यादीचा आकडा कसा होतो आणि तो आपल्याला कसा वापरता येतो, ते पाहू.

देशभरातले आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग गोळा करतो. हा विभाग १९८६ साली स्थापन झाला, पण ‘क्राइम इन इंडिया’ हा वार्षिक अहवाल १९५३ पासून निघतो. तो वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवायच्या.

पहिली : अहवालात असतात ते नोंदवलेले गुन्हे, घडलेले सगळे गुन्हे नव्हेत. मोबाईल चोरीला गेला आणि कागदावर ‘गहाळ’ असं लिहिलं गेलं, तर चोरीच्या रकान्यात तो येतच नाही. बंद दारामागच्या मारहाणीचं तर विचारूच नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. ७७ टक्के स्त्रिया कुणाजवळ एक शब्दही बोलल्या नव्हत्या. म्हणून एखाद्या ठाण्यातला आकडा वाढला की लगेच ‘गुन्हेगारी वाढली’ म्हणू नये. कदाचित तिथे बायका निर्धास्तपणे फिर्याद द्यायला येऊ लागल्या असतील.

दुसरी : नुसत्या संख्येवरून तुलना करायची नाही. २०२२ मध्ये स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यांची नोंद महाराष्ट्रात ४५,३३१ आणि राजस्थानात ४५,०५८ होती. आकडे जवळजवळ सारखेच. पण राजस्थानची लोकसंख्या आपल्यापेक्षा कितीतरी कमी आहे, त्यामुळे लाख स्त्रियांमागचं प्रमाण तिथे बरंच जास्त निघतं.

तिसरी : एका फिर्यादीत अनेक कलमं असली, तरी मोजणीत सगळ्यांत गंभीर गुन्हाच धरला जातो. घरफोडी करताना खून झाला तर नोंद खुनाची होते, घरफोडी त्यात बुडून जाते.

आकडा काय सांगत नाही, हे आपल्या जिल्ह्याइतकं दुसऱ्या कुणाला कळावं? कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत अल्पवयीन मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, ती घटना १३ जुलै २०१६ ची. अहमदनगरच्या सत्र न्यायालयाने २९ नोव्हेंबर २०१७ रोजी तिन्ही आरोपींना फाशीची शिक्षा सुनावली. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एप्रिल २०१४ मध्ये एका दलित शाळकरी मुलाचा खून झाला होता. त्या खटल्याचा निकालही नोव्हेंबर २०१७ मध्येच लागला. साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले. वार्षिक तक्त्यात एक नोंद ‘शिक्षा’च्या रकान्यात जाते, दुसरी ‘निर्दोष’च्या. साक्षीदार का उलटले, त्या मुलाच्या आईवडिलांनी पुढे कुणाच्या तोंडाकडे पाहायचं, यासाठी तक्त्यात रकाना नाही. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नुसार साक्षीदार संरक्षणाची योजना करणं प्रत्येक राज्यावर बंधनकारक आहे. खर्ड्याची आठवण ठेवायची, ती ही योजना आपल्या जिल्ह्यात राबवा असा आग्रह धरण्यासाठी.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की आकडा एकटा कुणाला सांगू नका. त्याच्या शेजारी हक्क लिहा. नुसत्या आकड्याने भीती पसरते. हक्क शेजारी आला की माणूस पोलीस ठाण्याची पायरी चढतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यांत हे हक्क स्पष्ट आहेत. हद्द कुणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने घ्यावी लागते. तिची प्रत पीडिताला मोफत मिळते. तपास कुठवर आला, हे पोलिसांनी ९० दिवसांत कळवायचं असतं. बलात्कार व ॲसिड हल्ल्यातील पीडितांवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब मोफत उपचार करायचे असतात. आरोपी सापडला नाही, तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ खाली भरपाईसाठी अर्ज करता येतो. शिवाय या कायद्यांच्या आधीपासूनच स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. आणि मंगळसूत्राचं म्हणाल, तर हिसकावणे हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे. पूर्वी तो चोरीत किंवा जबरी चोरीत मिसळून जायचा. आता तो वेगळा मोजता येईल, अर्थात कुणी फिर्याद दिली तरच.

सावेडीतल्या सोसायट्यांना, महिला मंडळांना आणि ज्येष्ठ नागरिक संघांना एक काम सुचवतो. सावेडी तोफखाना पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक संकेतस्थळावर जिल्हा आणि ठाणं निवडलं की नोंदवलेल्या फिर्यादी पाहता येतात. संवेदनशील गुन्ह्यांच्या मात्र तिथे नसतात, आणि ते योग्यच आहे. महिन्यातून एकदा दोघांनी बसून त्या वाचा आणि सूचनाफलकावर तीन रकाने करा : काय घडलं, किती वेळा, आणि असं झालं तर आपला हक्क कोणता. कुणाचंही नाव, घर, गल्ली लिहू नका. खाली क्रमांक द्या : तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०, मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००.

असा फलक जिन्यात लागला असता, तर मंगळसूत्र गेलेल्या त्या बाईला घरच्यांनी गप्प बसवण्याआधी कुणीतरी म्हणालं असतं, ‘चला, मी येते तुमच्याबरोबर.’

(पुढील लेखांक : भरपाईचा अर्ज आणि मनोधैर्य योजना)