बांधलेला गिअरबॉक्स पुन्हा का जळतो?

जुन्या शेवरले पिकअप ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बांधून घेतला, नवे क्लच आणि सील टाकले, तरी काही दिवसांत तो पुन्हा स्लिप व्हायला लागला, ही तक्रार अमेरिकेतल्या गॅरेजांना नवी नाही. खापर फुटतं बांधणाऱ्याच्या डोक्यावर. दोष मात्र अनेकदा गिअरबॉक्सच्या बाहेरच असतो.

अशा ट्रकमध्ये सापडणारा, जनरल मोटर्सचा ७००-आर-४ हा चार गिअरचा बॉक्स १९८२ साली आला. त्यात गिअर बदलायचं काम कॉम्प्युटर करत नाही, तेलाचा दाब करतो. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय, ही खबर एक बारीक केबल आत पोहोचवते. केबल ढिली राहिली की दाब कमी पडतो, गिअर वेळेआधीच बदलतात आणि चढावर भार आला की क्लच प्लेटा घसरून थोड्याच मैलांत करपतात. तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच तर हमखास जातो. केबल जुळवणं अवघं दोन मिनिटांचं काम. इंजिन बंद ठेवून केबलवरची कळ दाबायची, सरकता तुकडा पूर्ण मागे ढकलायचा, कळ सोडायची आणि थ्रॉटलचा दांडा हाताने शेवटपर्यंत उघडायचा. कट-कट करत तुकडा आपोआप जागेवर येतो. एवढंच राहून गेल्यामुळे चांगली बांधणी वाया जावी, याचं वाईट वाटतं.

दुसरा शत्रू रेडिएटरमध्ये दडलेला असतो. गिअरबॉक्सचं तेल तिथल्या छोट्या कूलरमधून गार होऊन परत येतं. आधीचा बॉक्स जळताना सुटलेला क्लचचा भुगा आणि धातूचा चुरा त्यात अडकून राहतो. कूलर धुतला नाही, तर हा सगळा कचरा नव्या बॉक्समध्ये उतरतो. कूलर आतून फुटला असेल तर आणखी वाईट. कूलंट तेलात मिसळतो आणि तेल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसायला लागतं. क्लच प्लेटांचं अस्तर कागदी तंतूंचं, गोंदाने चिकटवलेलं असतं. पाणी लागलं की ते सुटतं, मग नुसतं तेल बदलून काही होत नाही.

तेल मोजायची रीतही वेगळी. गाडी सपाट जागेवर, इंजिन चालू, लिव्हर पार्कवर आणि तेल चांगलं तापलेलं हवं. इंजिन बंद असताना डिपस्टिक तेल जास्त दाखवते. तेल कमी असेल तर बॉक्समधला पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरते भाग ते घुसळतात आणि फेस होतो. फेसातली हवा दबते, त्यामुळे दाब टिकत नाही. दोन्हीकडे लक्षण एकच, क्लचचं घसरणं.

इंजिनची ताकद बॉक्समध्ये पोहोचवणारा टॉर्क कन्व्हर्टर मात्र बसवतानाच नीट पाहावा लागतो. बॉक्स इंजिनला जोडल्यावर कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेट (इंजिनच्या मागची चकती) यांच्यात ३ ते ५ मिलिमीटर फट राहिली पाहिजे. ती नसताना बोल्ट आवळले, तर पंप गाडी सुरू होण्याआधीच फुटतो.

म्हणून जाणता मेकॅनिक बॉक्स पुन्हा उतरवण्याआधी प्रेशर गेज लावतो. इंजिन आयडलवर ठेवून ती केबल हाताने पूर्ण ओढतो आणि काट्याकडे बघतो. दाब झपकन चढला, तर पंप बहुधा शाबूत आहे. मग बॉक्स जागेवरच ठेवून आधी केबलची जुळणी तपासायची.