दिव्यांवरून अडलेला खेळ

गेल्या दिवाळीच्या सुटीत ताईकडे गेलो होतो. भाच्याने पैसे साठवून स्वतःच्या हातांनी जुळवलेला संगणक मोठ्या कौतुकाने दाखवला. पेटीच्या एका बाजूला काच, आणि आत मेमरीच्या पट्ट्यांवर, पंख्यांवर, मदरबोर्डच्या कडेला लुकलुकणारे दिवे! आकाशकंदील दारात टांगायचा सोडून याने पेटीत ठेवला की काय, असे वाटावे. दिव्यांचे रंग बदलण्यासाठी एक प्रोग्रॅम होता. त्याने निळ्याचा हिरवा, हिरव्याचा जांभळा करून दाखवला आणि मग मित्रांबरोबरचा नेहमीचा नेमबाजीचा खेळ सुरू करायला गेला. खेळ काही सुरू होईना. पडद्यावर सूचना आली, की अमुक नावाची फाइल असुरक्षित असल्यामुळे खेळ चालवता येत नाही. ती फाइल दिव्यांच्या प्रोग्रॅमची होती.

"मामा, दिव्यांचा आणि खेळाचा काय संबंध?" त्याने विचारले.

प्रश्न रास्त होता. वरवर पाहता संबंध काहीच नाही. परंतु संगणकाच्या पोटात शिरून पाहिले, तर तो फार जवळचा निघतो.

प्रथम दिव्यांविषयी थोडेसे. या प्रत्येक दिव्यात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन बारीक प्रकाशदीप म्हणजे एलईडी असतात. प्रत्येकाची तेजस्विता ० ते २५५ यांपैकी एका आकड्याने सांगतात. तेव्हा २५६ × २५६ × २५६, म्हणजे १,६७,७७,२१६ रंगछटा मिळू शकतात. दिव्याला सांगायचे ते एवढेच, तीन आकडे. यात कोणाला संशय यावा असे काय आहे? खरी अडचण आकड्यांची नाही. ते आकडे दिव्यापर्यंत पोचवायच्या वाटेची आहे.

वाड्याचे चौक

जुना चौसोपी वाडा डोळ्यांपुढे आणा. बाहेरच्या चौकात कोणीही येऊन बसावे. आतल्या चौकात मात्र घरचीच माणसे, आणि तिजोरीची खोली तिथेच. आजच्या प्रोसेसरमध्ये अशीच व्यवस्था असते. इंटेल कंपनीच्या १९८२ सालच्या ८०२८६ या प्रोसेसरमध्ये अधिकारांच्या चार पातळ्या होत्या; ० ही सर्वांत आतली, ३ ही सर्वांत बाहेरची. मूळ कल्पना त्याहून जुनी आहे. अमेरिकेत १९६० च्या दशकात सुरू झालेल्या मल्टिक्स या प्रकल्पात अधिकारांची अशी एकात एक कडी होती. विंडोज ही प्रणाली चारांपैकी ० आणि ३ या दोनच पातळ्या वापरते. आपण लिहिलेले, विकत घेतलेले, उतरवून घेतलेले बहुतेक प्रोग्रॅम बाहेरच्या चौकात चालतात. प्रत्येकाला मेमरीतला आपापला हिस्सा मिळतो. दुसऱ्याच्या हिश्श्यात परवानगीवाचून हात घालू पाहिला, की प्रोसेसरच त्याला अडवतो.

आतल्या चौकाला कर्नल म्हणतात. तेथे चालणाऱ्या आज्ञावलीला सगळी मेमरी आणि सगळी उपकरणे खुली असतात. म्हणूनच तेथे चूक झाली तर सगळा वाडाच बसतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रॅममध्ये अशीच एक चूक झाली, आणि जगभरातले सुमारे ८५ लाख संगणक निळा पडदा दाखवून थांबले. कित्येक विमानतळांवर त्या दिवशी रांगा लागल्या होत्या.

बाहेरच्या प्रोग्रॅमला एखाद्या उपकरणाशी बोलायचे असेल, तर आतल्या चौकात त्याचा एक मध्यस्थ लागतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. मोटार हाकणाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. कीबोर्ड, माउस यांसारख्या नेहमीच्या उपकरणांसाठी विंडोजपाशी स्वतःचे मध्यस्थ तयार असतात. म्हणून कीबोर्डावरचे दिवे यूएसबीमार्फत पेटवायला बहुधा निराळा ड्रायव्हर लागत नाही. मेमरीच्या पट्ट्यांवरचे दिवे मात्र अडचणीच्या जागी बसलेले आहेत.

दोन तारांवरचा गोंधळ

मेमरीच्या प्रत्येक पट्टीवर एक चिमुकली चिप असते. पट्टी किती क्षमतेची, किती वेगाने चालणारी, ही माहिती कारखान्यात तिच्यावर लिहून ठेवलेली असते. संगणक सुरू होताना ही नोंदवही वाचतो आणि मगच मेमरी वापरू लागतो. ही वाचण्यासाठी एसएमबस नावाची दोन तारांची वाट असते. एका तारेवर ठोके, दुसरीवर माहिती. फिलिप्स कंपनीच्या १९८२ सालच्या आयटूसी या रचनेवरून इंटेलने १९९५ मध्ये ती बेतली. वेग अगदी बेताचा, सेकंदाला फार तर एक लाख ठोके. पण नोंदवही वाचायला घाई कोणाला आहे? पुढे पट्ट्यांवर दिवे आले, तेव्हा उत्पादकांनी त्यांचे नियंत्रकही याच दोन तारांना जोडले. वाट आयती होती, नवी जोडणी नको, खर्च नाही.

आता एक प्रयोग वर्गात करून पाहा. एक पाटी घ्या. वरच्या ओळीत निरोप कोणाला द्यायचा ते लिहायचे, खालच्या ओळीत निरोप, आणि मग घंटा वाजवायची. घंटा वाजली, की निरोप्या पाटीवर जे असेल ते वाचून पोचवील. एसएमबसचा नियंत्रक जवळजवळ असाच चालतो. पत्ता, माहिती आणि 'सुरू कर' ही खूण यांसाठी त्यात वेगवेगळ्या जागा असतात. आता एकमेकांकडे न पाहता दोन विद्यार्थ्यांना ही पाटी एकदमच वापरू द्या. पहिल्याने वर 'रमेश' लिहिले. तेवढ्यात दुसऱ्याने ते पुसून 'सुरेश' लिहिले. पहिल्याने खाली 'लाल' लिहिले आणि घंटा वाजवली. 'लाल' हा निरोप गेला सुरेशकडे! सुरेश हा दुसरा दिवा असेल, तर भलताच दिवा लाल होईल, एवढेच. पण सुरेश म्हणजे ती नोंदवहीची चिप असली तर? ती बिचारी आपल्या वहीत 'लाल' असे लिहून ठेवील. मग पुढच्या वेळी संगणक सुरू होताना त्याला ती पट्टी ओळखूच येणार नाही. ही कल्पनेतली भीती नव्हे. २०१७ च्या सुमारास दिव्यांच्या काही मेमरी-पट्ट्यांच्या नोंदी तारेवरच्या अशाच गोंधळामुळे खरोखर बिघडल्या होत्या.

यावर उपाय आपल्या रेल्वेने कधीच शोधलेला आहे. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून इंजिनचालकाला स्टेशनमास्तरकडून एक धातूचा गोळा मिळे. तो हाती असल्याखेरीज पुढच्या टप्प्यात शिरायचे नाही. संगणकातही तापमान दाखवणाऱ्या आणि दिवे चालवणाऱ्या प्रोग्रॅमांनी ठरावीक नावाचा असा एक 'गोळा' आपसात मान्य केला आहे. मात्र हा कायदा नाही, सामंजस्य आहे. एखाद्या प्रोग्रॅमने ते पाळलेच नाही, तर त्याला अडवणारा सिग्नल नाही.

दिवाबत्तीचा गडी

हा झाला दिवेवाल्यांच्या घरातला तंटा. खेळाचे भांडण याच वाटेवर, पण थोडे पुढे आहे.

या दोन तारांपर्यंत पोचण्याची सोय विंडोज बाहेरच्या प्रोग्रॅमांना देत नाही. तेव्हा दिव्यांच्या प्रोग्रॅमबरोबर स्वतःचा ड्रायव्हर द्यावा लागतो. असा ड्रायव्हर नीट लिहायचा, तर त्याने म्हणावे, 'मी फक्त दिव्यांच्या पत्त्यांवर तीन आकडे लिहीन. दुसरे काही सांगू नका.' पण मदरबोर्ड शेकडो प्रकारचे, रोज नवे. मग काहींनी सोपी युक्ती काढली. ड्रायव्हर असा लिहिला, की तुम्ही सांगाल त्या जागी तो सांगाल ते लिहील, आणि सांगाल तेथले वाचून आणील; मेमरीचा कोणताही कोपरा वर्ज्य नाही. शिवाय सांगणारा कोण, हेही तो विचारणार नाही.

वाड्यात दिवे लावायला एक गडी ठेवला आणि प्रत्येक खोलीत जावे लागते म्हणून त्याच्या हाती सगळ्या खोल्यांचा जुडगा दिला, तसे हे झाले. गडी अत्यंत प्रामाणिक आहे. फक्त बाहेरच्या चौकातल्या कोणीही येऊन "जरा तिजोरीतले कागद आण" म्हटले, की तो आणून देतो!

खेळातल्या चोराला नेमके हेच हवे असते. इंटरनेटवरून खेळताना प्रतिस्पर्धी भिंतीआड असला, तरी त्याची जागा तुमच्या संगणकाला बहुधा आधीच कळवलेली असते. कारण निरोप पोचायला काही शतांश सेकंद जातात. तो कोपऱ्यावरून वळल्यावर मग कळवले, तर तो एकदम हवेतून प्रकटल्यासारखा दिसेल. म्हणजे पडद्यावर नसलेली माहिती मेमरीत असते. ती वाचता आली, की भिंतीपलीकडचे दिसू लागते. सरळ मार्गाने खेळाच्या मेमरीत डोकावले, तर पहारा पकडतो. पण आतल्या चौकातला आज्ञाधारक गडी हाताशी असला, तर पहाऱ्याला कळतही नाही.

या दोषांची जाहीर नोंद झालेली आहे. २०१८ च्या डिसेंबरात सिक्युअरऑथ या संस्थेच्या संशोधकांनी असूसच्या 'ऑरा सिंक' या दिव्यांच्या प्रोग्रॅमबरोबर येणाऱ्या, तसेच गिगाबाइट कंपनीच्या ड्रायव्हरांतले असे दोष प्रसिद्ध केले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये एक्लिप्सियम या कंपनीने लास व्हेगासच्या परिषदेत निदान वीस उत्पादकांचे चाळीसहून अधिक ड्रायव्हर दाखवून दिले. सगळ्यांवर रीतसर स्वाक्षरी होती, हे महत्त्वाचे. स्वाक्षरी 'हा ड्रायव्हर अमक्याचा आहे' एवढेच सांगते. तो शहाणा आहे, असे नव्हे. २०२० मध्ये तर खंडणी मागणाऱ्या एका प्रोग्रॅमने गिगाबाइटचा तोच जुना ड्रायव्हर बरोबर आणून, त्याच्या हातून विषाणूरोधक प्रोग्रॅम बंद पाडल्याचे उघडकीला आले.

पहारेकऱ्याची गोष्ट

आता खेळाचा पहारेकरी. रायट गेम्स कंपनीने २०२० साली व्हॅलरंट या खेळाबरोबर व्हॅनगार्ड नावाचा पहारेकरी आणला. तो आतल्या चौकात राहतो आणि संगणक सुरू होतानाच जागा होतो. चोर आधी आत शिरून लपला, तर मागाहून येणाऱ्याला तो दिसणार नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र. त्याने असे दुबळे ड्रायव्हर दिसताच अडवायला सुरुवात केली. पण याच जातीचे ड्रायव्हर तापमान दाखवणारे आणि पंख्यांचा वेग ठरवणारे प्रोग्रॅमही वापरत होते. मे महिन्याच्या सुरुवातीला तक्रारी आल्या, की खेळ चालू नसतानाही पंखे आणि तापमानाचे प्रोग्रॅम बंद पडतात. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला हे वाचून काळजी वाटणारच. प्रोसेसर फार तापला, तर स्वतःचा वेग उतरवून तो जीव वाचवतो, हे खरे. पण उन्हाळ्याच्या दिवसांत पंखा न फिरणे कोणाला आवडेल? कंपनीने मग हे अडवणे बरेच सैल केले आणि पहारेकऱ्याला बंद करायची सोय घड्याळाशेजारच्या चिन्हावर दिली. अर्थात तो बंद असेपर्यंत खेळता येत नाही.

दिव्यांशी भांडणाचे आणखी एक छोटे कारण आहे. खेळाडूची शक्ती घटली की कीबोर्ड लाल करणारे काही प्रोग्रॅम असतात. खेळाने स्वतःहून ती माहिती दिली, तर ठीकच. पण आपल्या आज्ञावलीचा तुकडा खेळात घुसवून ती काढली, तर पहारेकऱ्याच्या दृष्टीने चोरात आणि त्यात फरक उरत नाही.

माझे स्वतःचे मत असे, की या भांडणात पहारेकरी बरोबर आहे, पण त्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवावा असेही नाही. जुडगा त्याच्याही कमरेला आहेच. २०२२ मध्ये ट्रेंड मायक्रो या कंपनीने दाखवून दिले, की गेनशिन इम्पॅक्ट या खेळाच्या पहारेकऱ्याचाच ड्रायव्हर खंडणीखोरांनी विषाणूरोधक प्रोग्रॅम मारण्यासाठी वापरला. ज्या संगणकावर तो खेळ कधी बसवलेलाच नव्हता, तेथेही तो चालत होता. कारण चोर त्याला सोबत घेऊन येत.

असो. भाच्याकडे वळू. मित्राने त्याला तोवर एक उपाय कळवला होता, की विंडोजची धोक्याच्या ड्रायव्हरांची यादी बंद कर आणि पहाऱ्याला चकवणारी एक फाइल उतरवून घे. विंडोज ११ मध्ये ही यादी २०२२ पासून मुळातच चालू असते. त्याने बंद करायचा पर्याय उघडलाही होता. मी त्याला थांबवले. त्याच संगणकावर ताई बँकेचे व्यवहार करते. भिंतीपलीकडचा खेळाडू दाखवणारा गडी बँकेचा पासवर्डही तितक्याच तत्परतेने आणून देईल. हे ऐकल्यावर त्याने माउस खाली ठेवला.

मग आम्ही दोघांनी बसून पाहिले. दिव्यांच्या प्रोग्रॅमची खिडकी बंद केली, तरी ड्रायव्हर आत राहिलेलाच होता, म्हणून खेळ तसाच अडला. उत्पादकाच्या पानावर प्रोग्रॅमची नवी आवृत्ती नव्हती. शेवटी तो प्रोग्रॅम पूर्ण काढून संगणक पुन्हा सुरू केला, आणि खेळ चालू झाला. कीबोर्डचे दिवे आता विंडोजच्या स्वतःच्या सोयीतून चालतात. २०२३ पासून विंडोज ११ मध्ये ती आहे आणि तिला आतल्या चौकात नवा गडी लागत नाही. सगळे कीबोर्ड तिला ओळखत नाहीत, याचा सुदैवाने ओळखतो. मेमरीच्या पट्ट्या मात्र कोणी सांगणारे नसल्यामुळे कारखान्यातून आल्या तशा इंद्रधनुष्याचे सगळे रंग आळीपाळीने दाखवत असतात. भाच्याला ते मुळीच आवडलेले नाही. ताईला फार आवडले आहे.