संपादकाची लेखणी आणि प्रकाशकाची कात्री

ज्ञानकोश हें एकट्याचें काम नव्हे. अनेक विद्वान् लिहितात, संपादक त्यांचा मेळ घालतो, आणि घरोघरीं मुलें त्यांतील शब्द प्रमाण मानतात. म्हणूनच अशा ग्रंथाविरुद्ध बाहेरून तक्रार आली असतां काय करावें, हा प्रश्न केवळ विद्वानांचा राहत नाहीं.

या बाबतींत फ्रान्समधील दिदरो व दालांबेर यांच्या विश्वकोशाची हकीकत बोधप्रद आहे. त्याचा पहिला खंड १७५१ सालीं निघाला. पुढच्याच वर्षीं धर्माभिमान्यांच्या ओरडीमुळें पहिल्या दोन खंडांवर राजाज्ञेनें बंदी आली. १७५७ च्या सातव्या खंडांत दालांबेरनें जिनीव्हा शहरावरील लेखांत, तेथील कित्येक धर्मोपदेशक ख्रिस्ताचें देवत्व मानीत नाहींत, असें लिहिलें. धर्मोपदेशकांनीं १७५८ मध्यें जाहीर निवेदन काढून तें नाकारलें. गदारोळास कंटाळून दालांबेरनें संपादकत्व सोडलें आणि १७५९ मध्यें ग्रंथाचा राजपरवानाही रद्द झाला. दिदरो मात्र डगमगला नाहीं. उरलेल्या खंडांचें काम त्यानें गुप्तपणें चालूं ठेवलें.

परंतु खरा घाव घरांतूनच बसला. पुन्हां संकट ओढवूं नये म्हणून मुद्रक-प्रकाशक लब्रेतों यानें, दिदरोनें मुद्रितें तपासून दिल्यावर, धोक्याचा वाटणारा मजकूर गुपचूप कापला. १७६४ मध्यें छापील पानांत स्वतःचा एक लेख चाळतांना दिदरोस हें कळलें. त्यानें प्रकाशकास संतापाचें पत्र लिहिलें, पण ग्रंथ अर्धवट सोडला नाहीं. कापलेल्या कांहीं मुद्रितांचा एक खंड पुढें सांपडला आणि त्यांतील मजकूर १९४७ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाला. इतका काळ वाचकांच्या हातीं तुटका ग्रंथच होता!

आम्हांस वाटतें, या दोन गोष्टींतील भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. धर्मोपदेशकांची तक्रार उघड होती. लेख व निवेदन दोन्ही वाचून वाचकास आपला निर्णय करतां येत होता. कात्रीनें मात्र वाचकाचा तो अधिकारच हिरावून घेतला. तक्रार करणारा नेहमींच वैरी नसतो. त्यानें चूक दाखविली तर संपादकानें ती कारण सांगून सुधारावी. चूक नसेल तर तसें स्पष्ट सांगून मजकूर कायम ठेवावा. निर्णय पुराव्यानें व्हावा, भीतीनें नव्हे.

तेव्हां घरासाठीं ज्ञानकोश घेतांना बांधणी व किंमत यांबरोबर त्यांत शुद्धिपत्र आहे कीं नाहीं, हेंही पाहावें. आपल्या दुरुस्त्या उघड सांगणारा ग्रंथच मुलांच्या हातीं निर्धास्तपणें देतां येतो.